पितळी मूठ

तावेउनी बेटाजवळ जुनी फेरीबोट मुद्दाम बुडवली होती, तिच्यावर प्रवाळ वाढावा म्हणून. लोसालिनी पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली पाहुण्यांना ती दाखवायला न्यायची. तिचे वडील, इसिरेली, वर होडीत बसून राहायचे. उभा जन्म त्यांनी त्या बोटीवर काढला होता, सुकाणूघराच्या दाराची पितळी मूठ रोज नारळाच्या काथ्यानं घासली होती.

ती वर आली की ठरलेला प्रश्न यायचा. "पोरी, चकाकतेय का माझी मूठ?"

"तोंड दिसतंय तिच्यात, बाबा!"

ही शुद्ध थाप होती. मूठ केव्हाच शेवाळाखाली गडप झाली होती.

त्या दुपारी लोसालिनी सुकाणूघरापाशी थबकली. सगळं दार प्रवाळानं मढलं होतं आणि मूठ लखलखत होती. तिच्यात लोसालिनीला स्वतःचं तोंड दिसलं.

ती घाईनं वर आली. बाबांनी काहीच विचारलं नाही.

"बाबा, मूठ खरंच..."

"माहीत आहे गं," ते थकून हसले. "किती दिवस तुला खोटं बोलायला लावायचं?"

त्यांच्या कंबरेला लुंगीसारखा गुंडाळलेला सुलू कोरडा ठणठणीत होता. त्यावर ठेवलेली त्यांची बोटं मात्र पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि नखांत हिरवं शेवाळ होतं.