समोर दिसतं ते

"सर, तुमचं पोरगं आलं न्हाय व्हय अजून?" काउंटरमागून सयाजीने विचारले.

"येईल. मी बसलो की येतोच तो."

अतुलने शबनम पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली. तिच्या तुटक्या पट्ट्याला निळ्या दोरीची गाठ होती. घरोघरी इंटरनेट पोहोचल्यापासून राजारामपुरीतल्या या सायबर कॅफेत तो एकटाच येई. बाकीच्या पडद्यांवर धुळीचे राखाडी आकाश साचले होते.

शाळेने चित्रकलेचा वर्ग मोडून तिथे संगणक मांडले, तेव्हा अतुलकडे एकही विद्यार्थी उरला नाही. मग सयाजीनेच त्याला ही वेबसाइट दाखवली. मुलांसाठी रंग मिसळण्याचे खेळ, आपोआप नक्षी उमटवणारा कुंचला आणि एक सामायिक फळा. इकडे शिक्षकाने रेघ ओढावी, तिकडे दूरदेशीच्या एखाद्या मुलाने ती पुढे न्यावी. अतुलला मिको मिळाला. वय दहा, गाव बर्फातले, इंग्रजी तुटके.

मिकोच्या रेनडिअरची शिंगे म्हशीसारखी मागे वळत. अतुल हसून ती दुरुस्त करी. वर्षभरात त्या मुलाची रेघ थरथरायची थांबली. अतुलच्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट सरळ झाली होती.

"पुढच्या गुरुवारी जरा लवकर या की. निवांत बसाय मिळंल."

"आजचा शेवटचा, सयाजीराव. सोमवारपासून हुपरीला, मेहुण्याकडं कामाला. चांदीची पैंजणं उजळायची."

सयाजीने मान वर केली. "आन् पोरगं?"

"त्याला दुसरा मास्तर मिळेल."

"मास्तर म्हंजे काय चहा हाय व्हय, दुसरा सांगायला?" सयाजी पुटपुटला आणि आपल्या पडद्याकडे वळला.

थोड्या वेळाने मिको फळ्यावर आला. अतुलने लिहिले : आपला हा शेवटचा तास. आजवर तू मनातली चित्रे काढलीस. आज समोर दिसते तेच काढ. एकही रेघ खोटी नको.

फळा कोराच राहिला. हेही गेले, असे अतुलला वाटले. मग एक रेघ उमटली.

टेबलाची कड. छताचा पंखा. रिकाम्या खुर्च्यांची रांग. रेघ संथ होती. खोडरबर एकदाही फिरला नाही. मग एक माणूस आला, पाठमोरा, खांदे ओघळलेला. सावली जिथे हवी तिथेच पडली होती. अतुलचे डोळे भरून आले. मिकोला दिसू लागले होते. बर्फाच्या देशातही माणसे अशीच बसतात तर.

शेवटी खुर्चीच्या पाठीला एक पिशवी लटकली. पट्टा मध्येच तुटलेला. मिकोने काळा रंग सोडला, निळा घेतला आणि तिथे एक गाठ मारली.

मागे, काउंटरवर, माऊसची टकटक थांबली.