न फोडलेली पत्रं

"ती पुरात गेलीच नाही," भाचा म्हणाला.

आत्या सदऱ्याला बटण लावत होती. नव्वदीतही तिचा हात चांगला चालायचा. तिनं मान वर केली नाही.

भाच्याची हयात नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं घराण्याची वंशावळ आखायला घेतली. सगळ्या चौकटी भरल्या, खापरपणजीचीच तेवढी अडली. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं : दोन लेकरं मागं ठेवून १८७८ च्या पुरात गेली.

त्यानं खिशातून कागद काढला. कुष्ठरोग्यांच्या जुन्या इस्पितळातली नोंद त्यानं स्वतः उतरवून आणली होती.

"नवऱ्यानं आणून सोडलं. वय तेवीस. मृत्यू १९०३ मध्ये. पंचवीस वर्षं, आत्या! इथून तीन कोसांवर. आणि खाली डॉक्टरांचा शेरा आहे : बोटं राहिलेली नाहीत. दर महिन्याला शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून मुलाला पत्र लिहवून घेते. उत्तर येत नाही."

आत्याची सुई थांबली.

"पत्रं पोचायची," ती म्हणाली.

भाच्यानं कागद खाली ठेवला.

"माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या त्या मुलाच्याच, ट्रंकेत होती. दोन-अडीचशे तरी असतील. एकही फोडलेलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या वडिलांनी धाक घातला होता, हात लावलास तर तुझीही बोटं झडतील. आजोबांनीच सांगितलं मला. मोठेपणी भीती गेली, तर लाज आड आली. त्यांना ती फोडवेनात, आणि टाकवेनातही."

"कुठं आहेत ती?" त्याचा आवाज चढला.

"शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, परसात नेऊन जाळ, कुणाजवळ बोलू नकोस. मी नऊ वर्षांची होते. आज पहिल्यांदा बोलतेय."

"सगळी जाळलीस?"

"एक पाकीट आचेनं आपोआप उलगडलं. आत बारीक अक्षर होतं. पार कडेपर्यंत, कुठं बोटभर जागा सोडली नव्हती."

"काय लिहिलं होतं?"

"मला शाळेत कुठं घातलं होतं रे?" आत्यानं सदरा बाजूला ठेवला. "अक्षर फार सुरेख होतं. बघत बसले थोडा वेळ. मग काठीनं आत लोटलं."