आतून आलेली दुरुस्ती

मुखपृष्ठ तिसऱ्यांदा आतून परत आलं. घोड्याच्या मानेवर पुन्हा लाल पेन्सिल आणि समासात मास्तरांचं ठेवणीतलं वाक्य: ‘अजून जीव नाही.’

“जीव माझा चाललाय,” चित्रकार पुटपुटला.

“काही म्हणालात?” बाईंनी विचारलं.

“घोड्याला म्हणालो.”

बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. बाहेरच्या खोलीतली चित्रं आत न्यायची आणि दुरुस्त्या बाहेर आणायच्या, हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. आजारी पडल्यापासून मास्तरांना म्हणे माणसांचा त्रास व्हायचा.

नऊ वर्षं असंच चाललं होतं. रेखाटन याचं, रंग याचे, दुरुस्ती मास्तरांची आणि खाली सहीही मास्तरांचीच. खरा संताप यायचा तो दुरुस्त्या बरोबर असायच्या म्हणून. सांगितल्याप्रमाणे मान जरा वळवली की घोडा खरंच फुरफुरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी याची गत झाली होती.

पण काल एका प्रकाशकाने त्याला विचारलं होतं. लहान मुलांचं अख्खं पुस्तक, मुखपृष्ठावर त्याचं स्वतःचं नाव. उत्तर आज दुपारपर्यंत हवं होतं. सकाळी डबा हातात देताना बायकोने बजावलं होतं, “आज विचारून नको, सांगून ये. तुझे मास्तर म्हणजे अवघड जागेचं दुखणं झालंय.”

त्याला लंबू आठवला. याच्या आधी या टेबलावर लंबू बसायचा. त्याने महिनाभर याला शिकवलं आणि एक दिवस आत जाऊन राजीनामा दिला. “मागच्या दाराने गेला मेला, साधा निरोपसुद्धा घेतला नाही. आता परदेशात नाव काढतोय म्हणे,” बाई नाक मुरडून सांगायच्या. याला मात्र लंबूचा फार हेवा वाटायचा. गडी सुटला!

तो उठला. “बाई, मला मास्तरांना भेटायचंय.”

“कशाला?”

“काम सोडतोय. त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.”

बाई आडव्या येतील, रडतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

“ठरलंय ना नक्की? मग या आत,” त्या म्हणाल्या.

आतली खाट रिकामी होती, गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. खिडकीपाशी टेबलावर वाकून, हातात लाल पेन्सिल धरून एक उंच माणूस बसला होता. केस पिकले होते, पाठीला पोक आला होता, तरी ओळखायला वेळ लागला नाही.

“मास्तर कुठायत?” चित्रकाराने कसंबसं विचारलं.

“ते जाऊन नऊ वर्षं झाली,” लंबू म्हणाला.

मागे बाईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. लंबू घाईघाईने उठला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस. मीसुद्धा राजीनामा द्यायलाच आत आलो होतो.”