दुसरा जबाब

"मास्तर, ओळखलंत का?"

सायकलवाला ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतोय ते पाहत होता. त्याने मान वर केली आणि ओळखलं. न ओळखायला काय झालं? ज्याने चारचौघांत, पोहण्याच्या तलावाच्या काठावर थोबाडीत मारली, त्याचा चेहरा अकरा वर्षांत विसरतो होय कुणी? तेव्हा तो अरे-तुरेवर आला होता. आज 'मास्तर' आणि 'ओळखलंत' झालं होतं. गरज पडली की माणसाला आदरार्थी बहुवचन बरोबर सुचतं.

"बसा," सायकलवाला म्हणाला. एकच स्टूल होतं, ते पुढे सरकवलं.

दुकानाबाहेर एक मुलगी उलट्या ठेवलेल्या सायकलचं पेडल हाताने फिरवत होती.

"माझी धाकटी. थोरली गेल्यानंतर झाली. नऊ वर्षांची आहे." बापाने पिशवीतून फाईल काढली आणि ती तशीच मांडीवर ठेवली. "हिच्या हृदयाचा आलेख, ईसीजी, काठावरचा निघाला. मग रक्त तपासायला दिलं. डॉक्टर सांगतात, हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यातून पोटॅशियम ये-जा करतं, त्यावर ठोका चालतो. ती दारं कशी घडवायची ते एका जनुकात असतं. आमच्या त्या जनुकात एक अक्षर बदललंय. असल्या लोकांचा ठोका पोहताना, धावताना एकदम बिघडू शकतो." तो थांबला. "माझ्याकडून आलंय. माझंही रक्त तपासलं."

सायकलवाल्याने ट्यूब बाहेर काढली, छिद्रावर खडूने खूण केली.

"पण प्रयोगशाळेने लिहिलंय, या बदलाचा अर्थ अजून नक्की नाही. काही घरांत तो असून काही होत नाही म्हणे. म्हणून डॉक्टर विचारतात, थोरली पाण्यात नक्की कशी गेली? बुडाली, की आधी हृदय थांबलं? हृदय थांबलं असेल तर हिच्या छातीत यंत्र बसवायचं, लगेच. बुडाली असेल तर नुसत्या गोळ्या आणि वाट बघायची. पाहणारे तुम्ही एकटेच होतात, मास्तर."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"पुन्हा सांगा."

सायकलवाल्याला आठवावं लागलं नाही. "बुडणारं मूल डोकं मागे टाकतं, तोंड वर काढतं, हातांनी पाणी खाली दाबतं. वीस वर्षं पोहायला शिकवताना मी तेच बघत आलो होतो. तिने यातलं काही केलं नाही. छान हात मारत चालली होती. उजवा हात पुढे गेला, तो मागे आलाच नाही. डोकं वर उचललं नाही. मी तेव्हाच उडी मारली."

"हेच," बाप म्हणाला. "हेच हवंय. एवढं लिहून द्या."

"तुमच्याकडे माझं लिहिलेलं आहे की. 'मी फोनवर बोलत होतो, माझं मुलीकडे लक्ष नव्हतं.' मजकूर तुमचा, अक्षर माझं."

"तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"माझं होतं. तरी सही केली. तुम्ही म्हणालात, लिहून दे, नाहीतर तुरुंगात पाठवतो. घरी दोन पोरं होती माझी." त्याने हात पुसले. "त्यानंतर कुठल्या तलावाने मला दारात उभं केलं नाही."

सायकलवाल्याने वहीतून कागद फाडला आणि गुडघ्यावर फळी घेऊन लिहायला बसला. पाहिलं ते सगळं लिहिलं. फोनवर नव्हतो, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'हे मी त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं.' सही केली आणि कागद दिला.

बापाने वाचला. शेवटाशी येऊन अडला.

"हे शेवटचं वाक्य कशाला?"

"डॉक्टर विचारतील ना, हे अकरा वर्षांनी कुठून आठवलं?"

"मी सांगेन त्यांना काहीतरी." बापाने बाहेर पाहिलं आणि आवाज उतरवला. "सोमवारी हिची आई पण असणार तिथे. तुम्ही त्या दिवशी हे म्हणाला होतात, ते मी तिला कधी सांगितलंच नाही. तिला वाटतं, तुम्ही फोनवर होतात. रोज तुम्हाला शिव्याशाप देते ती. तेवढ्यावर उभी आहे, मास्तर. आता हे वाचलं तर माझं तोंड बघणार नाही."

"मग खोडा. हे घ्या पेन."

बापाने खरंच पेन घेतलं. ते वाक्य खोडलं, वर पुन्हा गिरवून काळं केलं. कागद उजेडात धरून वाचता येतं का ते पाहिलं. मग त्याचं त्यालाच काहीतरी खटकलं.

"असा खोडलेला कागद डॉक्टर ग्राह्य धरणार नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही असं करा, नवा लिहा. त्या वाक्याशिवाय."

बाहेर पेडल थांबलं. मुलगी दमून पायरीवर बसली होती, छातीवर हात ठेवून.

मास्तरने वहीतून दुसरा कागद फाडला. तिचा यात काही गुन्हा नव्हता.