भाऊसाहेबांचं रक्त

"त्या तुझ्या भाऊसाहेबांचं रक्त परवा पूर्ण काढून घेऊ," सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

तिचा कप हातातच राहिला. भाऊसाहेब म्हणजे प्राणीगृहातला पांढरा ससा. पोट सुटलेलं, मिशा रुबाबदार, चेहऱ्यावर कायम मीटिंगला उशीर होत असल्याचा भाव. नाव तिनंच ठेवलं होतं. पेशीतले आरएनएचे लांब धागे कापून पुन्हा नीट जोडणाऱ्या एका प्रथिनावर तिचा प्रबंध होता. ते प्रथिन नेमकं ओळखेल अशी अँटिबॉडी तिला हवी होती. विकत आणलेल्या अँटिबॉड्या त्या प्रथिनाच्या शेजारून ओळख न दाखवता निघून जात. म्हणून ते प्रथिन भाऊसाहेबांना टोचलं, आणि त्यांच्या रक्तात अशी झकास अँटिबॉडी तयार झाली की चाचणीच्या फिल्मवर त्या प्रथिनाची एकच काळीभोर रेघ उमटू लागली. कानाच्या शिरेतून थोडं थोडं रक्त घेऊन तिचं काम भागलंही होतं. प्रबंधापुरत्या नळ्या फ्रीजरमध्ये भरून ठेवलेल्या होत्या.

पण सरांना प्रयोगशाळेच्या पुढच्या पिढ्यांची सोय करायची होती. आणि सगळं रक्त काढलं की ससा उरत नाही.

"सर, थोडं थांबलो तर?"

"कशासाठी? पेन्शन द्यायचंय का त्यांना?"

मुलं पाठीमागे सरांना 'कात्री' म्हणत. प्रबंधाची पानं असोत, सुट्ट्या असोत, कुणाचा आनंद असो, सर कात्री लावायचेच. फिल्मवरचा नकोसा डाग खोडणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला होता. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "मग निदान कालच्या रक्ताची एकदा चाचणी करते. जोर उतरला असेल, तर सगळं काढून उपयोग काय?"

"कर. उद्या फिल्म दाखव."

तिनं आयुष्यातला पहिला खोटा प्रयोग केला, आणि तोही अगदी मन लावून. प्रथिनं वेगळी केली, पडद्यावर उतरवली, वेळच्या वेळी पडदा धुतला. फक्त भाऊसाहेबांच्या रक्तातलं अँटिबॉडीचं पाणी, म्हणजे सिरम, घालायची वेळ आली तेव्हा तिनं नुसतं मिठाचं पाणी ओतलं. त्या पडद्यावरून काढलेली फिल्म कोरी निघाली.

सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. उलटी केली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, सर. जोर गेलेला दिसतोय."

"जोर गेलेलं सिरमसुद्धा थोडीफार घाण दाखवतं. ही तर धुतल्या तांदळासारखी आहे."

"मी... मी पडदा नीट धुतला, सर."

"दिसतंय ते."

सरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि फिल्मचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. "ही नोंदीत जाणार नाही," ते म्हणाले. "आणि त्या सशाला आजच्या आज हलव इथून. फुकट खायला हे काय त्याचं आजोळ आहे?"

भाऊसाहेब तिच्या घरी आले. घरात जनावर नको म्हणून वडिलांनी दिवसभर अबोला धरला. आठवडा उलटायच्या आत तेच बाजारातून मुळ्याचा पाला आणू लागले आणि भाजीवाल्याला 'घरी पाहुणे आहेत' असं सांगू लागले. ती मात्र धास्तावलेली होती. कुणी कात्री मागितली तरी दचकायची.

प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर आली आणि नेमका सरांचा पाय मुरगळला. शेवटचं प्रकरण तपासून मिळायलाच हवं होतं. सर कधी कुठल्या विद्यार्थ्याला घरी बोलावत नसत. फोनही उचलेनात. शेवटी न कळवताच ती त्यांच्या दारात उभी राहिली.

दार सरांच्या बायकोनं उघडलं.

"काकू, सरांचा पाय कसा आहे?"

"ठणकतोय अजून. म्हाताऱ्यावर पाय पडू नये म्हणून बाजूला व्हायला गेले आणि स्वतःच कोलमडले. ये ना आत."

म्हातारा म्हणजे सरांचे वडील असणार, असं समजून तिनं चेहरा गंभीर केला. "आजोबांना लागलं नाही ना?"

"कुठले आजोबा?" काकू म्हणाल्या, आणि सोफ्याखालून म्हातारा टुणटुण उड्या मारत बाहेर आला. एक कान पडलेला, अंगावरची लव विरळ झालेली. कानाच्या आतल्या बाजूला प्राणीगृहाचा निळा क्रमांक पुसट दिसत होता. त्याच्यामागून दुसरा आला. तिसरा पडद्याआड कुणाच्या तरी प्रबंधाची कड कुरतडत बसला होता.

आणि समोर आरामखुर्चीत, मुरगळलेला पाय स्टुलावर ठेवून, साक्षात कात्री बसली होती. एका हातात लाल पेन. मांडीवर चौथा ससा, पोट वर करून गाढ झोपलेला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं सरांकडे पाहिलं. ती दारातच खिळून राहिली.

"अगं, घाबरू नकोस, चावत नाहीत," काकू म्हणाल्या. "हे सगळे यांचे फसलेले प्रयोग!"