जंगलात जागा नाही

"दोर किती जाड आहे?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

बुकिंगवालीने पेन खाली ठेवलं. टेबलावर दोन माहितीपत्रकं उघडी होती. एक जुन्या शहराचं: गोऱ्या राज्यकर्त्यांनी कधीकाळी वसवलेलं, दगडी रस्ते, रंगीत घरं, लाकडी सज्जे. दुसरं वर्षावनातल्या साहसी कॅम्पचं: झाडांवर बांधलेल्या खोल्या, खळाळत्या नदीत होड्या, आणि दरीवर ताणलेला लांबच लांब दोर, ज्याला लोंबकळत माणसं ओरडत पलीकडे जातात. काका सत्तरीला टेकलेले. ऑफिसचा एक जिना चढताना दोनदा थांबले होते. हौसेला मोल नसतं हे खरं, पण गुडघ्यांनी हौसेला साथ द्यायला नको?

"तुम्हाला दोराचंच का पडलंय एवढं?" तिने विचारलं.

"जन्मभर लिफ्टचे दोर तपासले. दोर तुटताना पाहिलेत."

म्हणजे दुधाने तोंड पोळलेलं गिऱ्हाईक, ती मनात म्हणाली. अशांना ताक कसं पाजायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिने जंगलाचं पत्रक मिटलं आणि शहराचं त्यांच्यापुढे सरकवलं.

"माझं ऐका, काका. तुम्ही शहरातच जा. रमतगमत फिरा, चौकात बाकावर बसा, कॉफी प्या. वीस वर्षं माणसं पाठवतेय मी तिथे. कुणाच्या पायात साधा काटा मोडलेला नाही."

हे ती छातीठोकपणे सांगायची. तक्रार आली नाही म्हणजे सगळे सुखरूप परतले, असं ती धरून चालायची. परत आलेल्यांना मोजायचं कुणी?

काका पत्रकातल्या एका सज्ज्याकडे बघत बसले. त्यावर कुंड्या ठेवलेल्या होत्या. ती बोलत राहिली. तोंडाला कुलूप लावून धंदा होत नाही.

"गंमत सांगू? पोरांना सगळ्यांना जंगल हवं असतं आणि आईबापांचा जीव टांगणीला. मग मला गुपचूप फोन येतात. बाई, तेवढं सांगा हो, जंगलात जागा नाही म्हणून. मी सांगते! वर्षातून दहाबारा वेळा तरी. पोरं घटकाभर रुसतात, शहरात जातात, मजा करतात. कुणाचं काय बिघडलं? पुण्यच लागत असेल मला."

ती हसली. काका हसले नाहीत.

"गेल्या वर्षीचा एक फोन माझा होता," ते म्हणाले.

तिचं हसू ओठांवरच राहिलं.

"मुलीसाठी केला होता. एकटीच जाणार होती. मला रात्रंदिवस तो दोर दिसायचा." त्यांनी पत्रकावर बोट टेकवलं. "तिसऱ्या दिवशी सकाळी ती असल्याच एका सज्ज्यात उभी होती. फोटो काढायला वाकली आणि कठड्यासकट खाली गेली. कठडा आतून पोखरलेला. वरून नवा रंग दिला होता त्यांनी. मी असतो तर हात लावूनच ओळखलं असतं."

ती मुलगी बुकिंगवालीला लख्ख आठवली. गळ्यात कॅमेरा. याच खुर्चीत बसली होती. जागा नाही म्हटल्यावर ती क्षणभर हिच्याकडे टक लावून पाहत राहिली, मग हसली आणि म्हणाली, "बरं, मग शहराचंच करा." किती समजूतदार पोर, असं हिला तेव्हा वाटलं होतं. आणि त्या आठवड्यात निम्मा कॅम्प रिकामा होता.

बुकिंगवालीला रडू फुटलं. या माणसाला काय द्यावं? देण्यासारखं तिच्याजवळ एकच होतं, आणि ते देण्यात तिचा हातखंडा होता.

"काका," ती म्हणाली, "त्या आठवड्यात जंगलात खरोखरच जागा नव्हती. शपथेवर सांगते. तुम्ही फोन केला नसता तरी मी तिला हेच सांगितलं असतं. तुमचा काही दोष नाही."

काकांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. लहान मूल पडलं की आपण पाहतो, तसं. मग त्यांनी शहराचं पत्रक नीट घडी घालून परत केलं आणि जंगलाचं पुन्हा उघडलं.

"माझं इथलं बुकिंग करा. दोराचंही. गुडघे बघून घेतील."

"काका, माझ्यावर विश्वास ठेवा हो. जागा नव्हती."

"होती," ते हळूच म्हणाले. "शहरात पोचल्यावर तिने फोन केला होता. म्हणाली, बाबा, कॅम्पला मी आधीच विचारलं होतं, हव्या तेवढ्या जागा होत्या. बाईंना खोटं बोलायला तुम्हीच लावलंत ना? असू दे. तुम्हाला झोप लागावी म्हणून आले मी इकडे."