तीन घोड्यांची मोटर

साहेबांना पहिली शिंक आली आणि रखमाच्या मुसळाचा ठेका चुकला. एरवी शिंकांना इथे कोण विचारतं! लालबागच्या या गाळ्यात दिवसभर मिरचीच कांडली जायची. पण हे हेमचंद्र साहेब वीज कंपनीचे होते, आणि मोटर कुठे बसवायची ते मालकीणबाईंना, बकुळाबाईंना, भिंतीवर हात ठेवून दाखवत होते.

एका उखळात दोघी कांडायच्या, रखमा आणि मालन. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. आजवर कधी टक्कर झाली नव्हती. आज साहेब आल्यापासून सारखी होत होती.

"लक्ष कुठंय गं तुझं?" मालन पुटपुटली.

"तुझं आहे तिथंच."

"कनेक्शन घ्या म्हणून आम्हीच दारोदार फिरतोय, बाई," साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. "रस्त्यापासून गाळ्यापर्यंतची केबल कंपनी टाकून देईल. उद्या मुंबईसकट महाराष्ट्र झाला की या भागात बघा धंदे कसे वाढतात! आधी वीज पोचली पाहिजे, मग बाकीचं सगळं आपोआप येतं."

"राज्य येईल तेव्हा येईल हो," बकुळाबाई म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीत मशीन आलंय त्याचं काय? मुसळं आपली आपण खालीवर होतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे पळाली."

बाई वाईट नव्हत्या. कांडणाऱ्या दोघींकडे पाठ करून बोलत होत्या, एवढंच.

"मग तीन घोड्यांची मोटर घ्या. पुरून उरेल."

"घोडे?" मालनला हसू फुटलं. तिने बकुळाबाईंकडे पाहिलं. "आणि बांधायचे कुठं, वैनी? नळापाशी?"

साहेबही हसले. खरे घोडे नव्हेत, मोटरची ताकद घोड्यांत मोजतात, असं त्यांनी समजावून सांगितलं.

रखमा हसली नाही. तिने मुसळ उखळात उभं धरलं.

"साहेब, एका घोड्यात बाया किती?"

प्रश्न साहेबांना आवडला. भला माणूस, कुणी काही विचारलं की खूश व्हायचा. "धरा, आठ-दहा," ते म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

तीन घोडे म्हणजे पंचवीस-तीस बाया. इथे तर दोघीच होत्या. मालनचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं. दोघी एकदमच कांडायला लागल्या, दातओठ खाऊन, घाईघाईने. मुसळं एकमेकांवर आदळली. मिरची उडून जमिनीवर पडली.

"अगं, हळू! उखळ फोडताय का?" बकुळाबाई ओरडल्या.

मालन खाली बसून मिरची गोळा करायला लागली. रखमा बसली नाही. पदराने तोंड पुसत ती बकुळाबाईंच्या अगदी जवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"वैनी, त्या घोड्यांना मिरची चारायला एक बाई तरी लागेलच ना?"

गाळा एवढासा, कुजबुजलेलंही ऐकू जायचं. मालनचा हात मिरचीवरच थांबला.